क्षमा कुणाला विचारून?

रविवारची उपासना संपत आली तेव्हा पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मागच्या बाकावरून गोदामाचा मुकादम उठला. एरवी चार माणसांना पुरेल असा त्याचा आवाज, पण आज तोंडून शब्द फुटेना.

"गोदामातली लिफ्ट कोसळून आपला पोरगा गेला, त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "दोर झिजलाय हे मला ठाऊक होतं. मालकाला सांगायची छाती झाली नाही. वर पोलिसांना सांगितलं, तो नशेत होता, त्यानंच जास्त माल चढवला. मी खोटं बोललो. देवा, मला क्षमा कर."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. पाळकसाहेब लगबगीनं त्याच्याकडे गेले, त्याला मिठीत घेऊन म्हणाले, "देवानं तुला क्षमा केली आहे, भाऊ." बायका डोळे पुसू लागल्या. कुणीतरी गाणंही सुरू केलं.

पुढच्या बाकावर त्या पोराची थोरली बहीण बसली होती. शिवणकामाचं दुकान चालवणारी, कमी बोलणारी बाई. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बंद करा ते गाणं!"

शेजारी बसलेल्या आईनं तिचा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"क्षमा केली म्हणता, पण कुणाला विचारून? माझा भाऊ मेला तो मेला, वर दारुडा ठरला. याच बाकांवर बसून तुम्ही सगळे कुजबुजत होतात. बाबांनी लाजेनं इथं पाय टाकणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून गेले ते! आणि आज हा दोन आसवं गाळतो आणि तुम्ही गाणी गाता?"

मुकादमानं मान वर केली नाही. ती तरातरा बाहेर पडली.

पाळकसाहेब तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आले. "ताई, माझी घाई झाली. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. पण त्याच्यासाठी दार बंद करणं माझ्या हातात नाही. ते दार माझं नाही."

"मग ठेवा उघडं," ती फणकारली. "पण आत येण्याआधी माझ्या भावावर उडवलेला चिखल त्यानं पुसावा. जिथं खोटं बोलला तिथं खरं बोलावं. देवासमोर बोलायला काय जातं? देव काही नोकरीवरून काढत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दुकानाच्या दारात उभा राहिला. "ताई, पाळकसाहेबांनी तुमचं म्हणणं सांगितलं. गोदामात सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुम्ही येता?"

ती हातातली कात्री ठेवून निघाली. बोलणार कसला, ऐन वेळी शेपूट घालेल, असं तिला वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत हमाल डबे उघडून बसले होते. मुकादम खोक्यावर चढला आणि काही न लपवता सगळं बोलला; तोच तुटका दोर जोडून लिफ्ट अजून चालतेय, हेही. घास हातात तसेच राहिले. मालक केबिनमधून धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? चालता हो! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"जातोच आहे," मुकादम म्हणाला. "पोलिसांकडे."

"आणि तुम्ही दोर कधी बदलणार?" ती मालकावर कडाडली. "की अजून एकाला दारुडा ठरवायचंय?" मालक पाठ फिरवून केबिनकडे निघाला. पण हमाल एकेक करून उठले. नवा दोर येईपर्यंत लिफ्टला हात लावणार नाही, म्हणाले.

मुकादमानं जबाब दिला आणि तो कोठडीत गेला. तिला वाटलं होतं, आता मन शांत होईल. छे! राग होता तिथंच होता. त्यात एके दिवशी आई म्हणाली, "मला त्याला भेटायला घेऊन चल."

"आई! ज्यानं तुझं पोर खाल्लं त्याला भेटायचंय? माफ केलंस तू त्याला?"

आई तिच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या भावाला पेटीत ठेवलं तेव्हा मी खाली वाकले होते ना? सगळ्यांना वाटलं, मुका घेतेय. मी त्याच्या तोंडाला दारूचा वास येतो का ते बघत होते गं. मुकादमाचं मी खरं मानलं होतं. माझ्या लेकराबद्दल! देव मुकादमाला पदरात घेणार नसेल, तर मी कुठल्या तोंडानं देवापुढे जाऊ?"

ती आईवरही चिडली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेली.

गजांपलीकडे मुकादम उभा होता, दाढी वाढलेला.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे, ताई. मागायलाही तोंड नाही."

"देवानं केलं असेल तर केलं. त्याच्याशी मी भांडतेय अजून, रोज भांडते. पण 'याला दिलेली क्षमा काढून घे' असं नाही म्हणत त्याला. म्हणावंसं फार वाटतं. नाही म्हणत."

मुकादमाला हुंदका आवरेना. आईनं गजांतून हात आत घातला आणि त्याचा हात धरला. लेकीनं आईला मागे ओढलं नाही. ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि आईचं बोलून होईपर्यंत थांबली.