शिडाच्या झोळीतलं पाकट

मित्रांनो, होडीच्या कडेवर वाळत टाकलेला हा निळा, ठिगळांचा कपडा म्हणजे मी. माशांचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. एके काळी मी शीड होतो आणि इंडोनेशियातल्या लोंबोक बेटाच्या या किनाऱ्यावर माझा मोठा तोरा होता.

मला शिवलं इनाक सेरिआनं. इनाक सेरिआ म्हणजे सेरिआची आई आणि तिचा नवरा तो अमाक सेरिआ, सेरिआचा बाप. लेकीच्या नावानंच दोघांना सारा गाव ओळखतो. वारा भरला की मी असा फुगायचो, की वल्ह्यांना कुणी हात लावायचं नाही. "शीड असावं तर असं!" शेजारचे म्हणायचे आणि मला आणखी फुगावंसं वाटायचं.

मग होडीला इंजिन आलं आणि माझं कुणाला कामच उरलं नाही. मला सुकत घातलेल्या मासळीवर पांघरलं, शेळी माझ्यावर बसू लागली. शेळीचं काही वाटायचं नाही, पण वारा सुटला की फार वाईट वाटायचं.

सेरिआला मुलगी झाली तेव्हा इनाकनं मला कापलं, उकळून मऊ केलं आणि आढ्याला बांधलं. मी पाळणा झालो. नात माझ्यात गाढ झोपायची.

त्या सुमारास समुद्रात पसरट अंगाची, लांब शेपटीची पाकटं आणि शार्कच्या जातीच्या मुशी दिसेनाशा होऊ लागल्या होत्या. दुसऱ्या माशांच्या जाळ्यात त्या चुकून सापडल्या तर जिवंत सोडायच्या, असं गावानं ठरवलं. अमाकनं ते मनावर घेतलं. पण तो पडला घरच्या म्हशींनाही वेसण घालणारा माणूस. पाकटाच्या डोळ्यांमागे श्वासाची भोकं असतात. त्यांतच दोरी ओवून त्यानं एक भलंमोठं पाकट होडीत ओढलं, जाळ्यातून सोडवलं आणि पाण्यात टाकलं. घरी येऊन ते कौतुकानं सांगितलंही.

दुसऱ्या सकाळी ते पाकट मरून किनाऱ्याला लागलं. मादी होती. पोटातली पिल्लंही गेली होती.

"वा दाजी, मस्त सोडलंत! एकदम वरच पोचवलंत," इनाकचा भाऊ सहनान म्हणाला.

अमाकनं पुढ्यातला भात बाजूला सारला. "मला मारायची नव्हती गं," तो बायकोला म्हणाला. "पण अंग एवढं बुळबुळीत, शेपटीला काटा. धरायची तरी कुठं?"

"आणि म्हणून वेसण? नातीला काय कान धरून उचलता?" इनाक कडाडली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं नातीला सेरिआच्या हाती दिलं आणि माझ्या गाठी सोडल्या.

"आई, पोरगी झोपणार कशात?"

"माझ्या मांडीवर. मी काय कुठं पळून चाललेय?"

काही दिवसांनी जाळ्यात पुन्हा एक पाकट आलं. तीही पोट टरारलेली मादी. अमाकनं मला पाण्यातच तिच्या खाली सरकवलं. त्यानं आणि सहनाननं टोकं धरून उचलली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर असा ताण आला होता. तिच्या पोटातली पिल्लं हलत होती. मला ते ओळखीचं वाटलं.

"जाळं काप," अमाक म्हणाला.

"दाजी, नवं आहे हो!"

"अरे काप म्हणतो ना! तिचा दम कोंडतोय!"

सहनाननं जाळं कापलं. मला पुन्हा पाण्यात उतरवलं. ती थोडा वेळ माझ्यावर तशीच पडून राहिली आणि मला भीती वाटली. मग तिनं एकच हिसका दिला आणि मी रिकामा झालो.

संध्याकाळी इनाक किनाऱ्यावर वाट पाहत होती. "जगली का?"

"काय माहीत. खाली गेली."

दुसऱ्या सकाळी अमाक आणि सहनान सगळा किनारा पालथा घालून आले. काहीच सापडलं नाही. हाती काही न लागल्यानं एवढे खूश झालेले कोळी मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

मित्रांनो, चुकून तुमच्या हाती असा जीव लागला, तर सोडून दिला एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला ओढू नका, पोटाखालून आधार द्या. आणि झोळी नसेल, तर मला घेऊन जा. मी अजून ओलाच आहे.