कंसातले दात

“कंसातलं वाचायचं नाही,” आमच्या चर्चचे पाळकसाहेब बायबलातल्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले. “समोर लहान मुलं असतात.”

कंसात स्तोत्र लिहिणारा देवाकडे सरळ मागत होता, माझ्या वैऱ्यांचे दात तोंडातल्या तोंडात पाड! सोळा वर्षांत पहिल्यांदाच रविवारच्या वाचनाला माझा नंबर लागलेला, आणि त्यातली एकमेव चटकदार ओळ गाळायची?

त्यात माझे बाबा कवळ्या बनवतात. म्हणजे बनवायचे. बावीस वर्षं एकाच दंतवैद्याकडे. मग तिथे मशीन आलं आणि डॉक्टरांनी दारातच सांगून टाकलं, “आता तुमची गरज नाही.” तेव्हापासून महिनाभर बाबा ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावरच जगत होते. डॉक्टर मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर, हसरे.

घरी आईने हात जोडले. “बाई गं, गाळ ते. लोक म्हणतील मुद्दाम वाचलं.”

“मुद्दामच वाचणार!”

“देव असलं ऐकतो तरी का?”

“मग त्याच्या पुस्तकात ठेवलं कशाला?”

“वाचू दे तिला,” पेपरमागून बाबा म्हणाले. तीन शब्द! आई मटकन खुर्चीत बसली.

“लिहिणाऱ्याने स्वतः कुणाचा दात पाडला नाही,” बाबांनी पेपर खाली घेतला. “देवापुढे ओकला आणि मोकळा झाला. मला तेवढंही जमलं नाही.”

रविवारी मी कंसासकट वाचलं. खणखणीत. ‘दात’वर असा जोर दिला की मागे कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, प्रार्थनेसाठी नसावेत. डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला. शेजारी त्यांच्या आई, बाबांनीच बनवलेली कवळी दाखवत, खुदखुदत होत्या.

वाचन संपवून मी पुस्तक मिटलं आणि मान खाली घातली. आता आपलं काही खरं नाही!

“आमेन.”

एकट्या बाबांचा आवाज, फाटका, सगळ्यांच्या आधी.

मी मान वर केली. सगळे बसलेले असताना शेवटच्या बाकापाशी बाबा उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. आई खालून त्यांची बाही ओढत होती. मग तिने बाही सोडली, पदर सारखा केला आणि तीही त्यांच्या शेजारी उभी राहिली.