आतले टायर

एका ट्रकवर दोन मालक बसवावेत ते त्यांच्या आईनंच. बिचारीला वाटलं, पोरं एकत्र राहतील. राहिली कसली! विद्याधर आणि नंदू, सख्खे भाऊ, भांडुपच्या एकाच चाळीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचे आणि वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ट्रक एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. विद्याधर लाद्या वाहायचा, नंदू गाद्या.

आणि भांडण कशावरून? तर टायरातल्या हवेवरून! लाद्यांचं वजन मरणाचं, टायर टणकच हवेत. गाद्या हलक्या, तेवढीच हवा ठेवली तर ट्रक खड्ड्याखड्ड्यांत उडतो आणि ब्रेक दाबला की घसरतो. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण कबूल कोण करणार? शेवटी आईनंच तोडगा काढला. नंदूनं सकाळी हवी तेवढी हवा सोडावी आणि संध्याकाळी परत भरून ठेवावी. कुरकुरत का होईना, नंदू भरायचा.

काल मात्र त्याची सटकली. विद्याधरनं ट्रकात लाद्यांची भुकटी तशीच ठेवलेली. गाद्या मळल्या, गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला. वर विद्याधर दारात उभा राहून हसला. "थांब, तुझी जिरवतोच," नंदू मनात म्हणाला. ट्रकला मागं दोन्ही बाजूंना जोडीनं टायर असतात. त्यानं बाहेरचे टणक भरले, आतले तसेच मऊ ठेवले. विद्याधर सकाळी येणार, बाहेरच्या टायरला लाथ घालणार आणि निघणार, हे त्याला पाठ होतं. गाडी ओढणार नाही, डिझेल पिईल, दिवसभर बोंबलत बसेल मेला! यापलीकडे आपल्या मनात काही नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि तो झोपला.

सकाळी दात घासत गॅलरीत आला, तर विद्याधरची बायको रश्मी शेजारणीला सांगत होती, "दिशा गेली ना पप्पांबरोबर ट्रकातनं. घाटकोपरला लाद्या भरून तिला मुलुंडला कॉलेजात सोडतील."

नंदूनं तोंडातला ब्रश काढला. दिशा त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली पुतणी. बाप बोलत नसला तरी काकाकडे चहाला यायची. आतले टायर मऊ, म्हणजे लाद्यांचा सगळा भार बाहेरच्यांवर. ते तापणार आणि भर हायवेवर फुटणार.

त्यानं विद्याधरला फोन लावला. कट. परत लावला. परत कट. मग दिशाला लावला.

"बोल काका."

"बापाला गाडी बाजूला घ्यायला सांग. आतल्या टायरांत हवा नाही!"

दिशानं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण शेजारून विद्याधर गरजला, "सांग त्याला, लाथ मारून बघितलंय मी. माझी खेप बुडवायला बघतोय, नालायक!"

"दादा, आतले म्हणतोय मी!"

"तुला रे घरबसल्या आतले कसे दिसले?"

नंदूनं आजूबाजूला बघितलं. शेजारीण बघत होती, त्याची स्वतःची बायको दारात येऊन उभी होती. रश्मीनं तर धावत येऊन त्याचा फोन स्पीकरवर टाकला.

"मीच भरले नाहीत!" नंदू ओरडला. "मुद्दाम. तुझी जिरवायला. दादा, थांब रे, पाया पडतो तुझ्या!"

ब्रेक करकरला. दरवाजा आपटला. मग बराच वेळ नुसता हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. रश्मीनं नंदूचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"विक्रोळीला थांबलोय," शेवटी दिशा बोलली. "पप्पांनी बाहेरच्या टायरला हात लावला, चटका बसला. एका बाजूनं फुगा आलाय त्याला."

"तू बरी आहेस ना गं?"

"आहे. काका, मी पप्पांबरोबर आहे हे तुला कधी कळलं?"

"आत्ता. देवाशपथ, आत्ताच कळलं."

"म्हणजे पप्पा एकटे असते तर तू फोन केला नसतास."

नंदूनं तोंड उघडलं.

"बोल ना काका."

रश्मीही त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. दिशानं फोन ठेवून दिला. रश्मीनं त्याचं मनगट सोडलं, हात साडीला पुसला आणि घरात जाऊन कडी घातली.