कॉफीच्या कागदाची फुलपाखरं

कॉफी गाळायचा कागद हातात दिला की मुलं आधी त्याचा वास घेतात. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दहा-बारा पोरं माझ्याभोवती जमतात आणि त्यातलं एक तरी विचारतंच, "ह्याला कॉफीचा वास का नाही येत?" कोऱ्या कागदाला वास कुठून येणार! पण मी काही सांगत नाही, खुशाल हुंगू देते. उद्योग अगदी स्वस्तातला आहे. कागदांचा एक गठ्ठा, थोडी स्केचपेनं, वाटीभर पाणी आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. हल्ली आईबाप ढीगभर महागडी खेळणी आणतात आणि पोरगं रिकाम्या खोक्याशी खेळत बसतं. असो, तो विषय निघाला की माझी जीभ आवरत नाही.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" असंही मुलं विचारतात.

"माझ्या आईने. ती एका ऑफिसात कॉफी करायची."

हे वाक्य आता मी खणखणीत आवाजात म्हणते. आठ वर्षांची असताना ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

त्या वर्षी शाळा नवी होती. बाईंनी एकेकाला उभं करून आईवडील काय करतात ते सांगायला लावलं. एकाचे वडील विमान चालवायचे. माझ्या शेजारणीची आई दातांची डॉक्टर. मग माझी पाळी आली. माझी आई विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, कपाटाएवढ्या खोलीत दिवसभर उभी राहून दीडशे कप कॉफी करायची. मी म्हटलं, "माझी आई चित्रकार आहे."

आठवड्याभराने बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. आपण चित्रकार असल्याचे समजले, येत्या शुक्रवारी शेवटचा तास मुलांसाठी द्याल का, खाली सही करून पाठवावे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. चिठ्ठी फाडून टाकावी एवढी अक्कलही मला नव्हती, कारण सही आणायची होती ना!

आईने उभ्याउभ्याच ती दोनदा वाचली. मी गाल सांभाळून उभी.

"कसली चित्रं काढते गं मी?" तिने विचारलं.

"फुलपाखरांची," मी फरशीकडे बघत म्हटलं.

"मोठी की लहान?"

"मध्यम."

"बरं," ती म्हणाली आणि सही करून कांदा चिरायला बसली.

आता, आईने काढलेली मांजर आणि उशी यांत फरक असायचा तो फक्त मिशांचा. पण दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून एक गठ्ठा घेऊन आली. तिथे कॉफीचं नवं मशीन आलं होतं, जुने गोल कागद त्यात बसत नव्हते. साहेबांना विचारून तिने ते आणले. बशीएवढे, पांढरे, कडेला चुण्या पडलेले. घरात आम्ही दोघीच. जेवणं उरकली की टेबल पुसायचं, जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि कामाला लागायचं.

पहिल्या दिवशी आम्ही जाड मार्करने रेघा ओढल्या. वर पाणी टाकलं तर रंग ढिम्म हलेना. "हा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा बसलाय," आई म्हणाली. मग माझी साधी स्केचपेनं काढली आणि चमत्कार झाला. पाण्याचा थेंब पडला तसा जांभळा फुटून निळा आणि गुलाबी झाला. काळ्यातून तर हिरवी कडा निघाली, तिच्याबाहेर तांबडी. "काळ्याच्या पोटात एवढं सगळं असतं होय!" आई टेबलावर इतकी ओणवी झाली की तिच्या केसांची बट पाण्यात बुडाली. ओला कागद वाळवायचा, मधोमध चुरगाळून चिमट्यात धरायचा, वर लोकरीच्या दोन मिशा. झालं फुलपाखरू. त्या तीन संध्याकाळींइतकी मी पुढे कधी कुठे रमले असेन, असं मला वाटत नाही. आई दिवसभर उभी राहून यायची, तिच्या पोटऱ्या दुखायच्या, तरी "अजून एकच" म्हणणारी तीच असायची.

शुक्रवारी ती दोन तासांची सुट्टी काढून, ठेवणीतले कपडे घालून शाळेच्या फाटकाशी आली. मी आधी काय केलं असेल? तिचे हात हुंगले. कॉफीचा वास. मी तिला नळापाशी नेलं आणि हात धुवायला लावले. एकदा नाही, तीनदा. ती मुकाट्याने धूत राहिली.

वर्गात मात्र तिने कमाल केली. कागद एकमेकांना चिकटून बसतात, मुलांना दोन-दोन तीन-तीन यायला लागले. आईने गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला की नेमका एकच सुटून यायचा. मुलं "ओऽऽ" करून ओरडली. "मधोमध थेंब टाका. घाई नको. कागदाला प्यायला वेळ द्या," ती बाकांमधून फिरत सांगत होती. अर्ध्या तासात खिडकीला बांधलेल्या दोरीवर बत्तीस रंगीत कागद वाळत होते. डॉक्टरांची मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुझी आई कसली भारी आहे!" मी हवेत तरंगत होते.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या दातपडक्याने हात वर केला.

"काकू, हा कॉफीचा कागद आहे. माझ्या बाबांकडे असतो. तुम्ही कॉफी करता का?"

बाईंनी मान वर केली. आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ऑफिसातल्या माणसाला "साखर किती?" असं नुसत्या नजरेने विचारावं, तसं. आणि मी, तिची लाडकी लेक, हळूच मान हलवली. नाही म्हण.

"नाही रे बाळा," आई हसून म्हणाली. "मी आपली चित्रं काढते. कॉफी मला येतच नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत चालत आलो. उरलेले कागद माझ्या दप्तरात होते. माझ्या आईच्या कॉफीला कोणी पाणचट म्हटलेलं तिला खपत नसे. त्या एका शब्दावरून तिने ऑफिसातल्या टायपिस्टशी महिनाभर अबोला धरला होता. तीच माझी आई कॉफी येतच नाही असं तीसेक पोरांसमोर सांगून आली होती.

कोपऱ्यावर ती थांबली. तिने माझी कॉलर नीट केली.

"बरोबर बोलले ना गं मी?" तिने विचारलं. "काही चुकलं नाही ना माझं?"

तेव्हा मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. परत वर्गात जाऊन खरं सांगायला हवं होतं. आज सुचतं ते सगळं.

"छान बोललीस," मी म्हटलं.

तिचा चेहरा खुलला. खरोखर खुलला, आणि तेच मला अजून सोसत नाही. चारच्या कॉफीला उशीर होत होता, म्हणून ती ठेवणीतल्या कपड्यांतच बस पकडायला पळाली, आणि मी तिला साधी हाकसुद्धा मारली नाही.