एप्रनच्या खिशातली सवत

मी यादी बोलतेय. कागदावरची नव्हे. खिडकीजवळच्या टेबलावर तो जुना कॉम्प्युटर दिसतो ना, त्याच्या आत राहणारी. कॉम्प्युटर म्हणजे मी नव्हे, ते माझं घर. मी एक प्रोग्राम आहे. माणसांची नावं आणि त्यांच्या पायांची मापं सांभाळणं हे माझं काम. पण इथे मला प्रोग्राम कुणीच म्हणत नाही. 'यादीत बघ', 'यादीत टाक' असंच बारा वर्षं ऐकत आले, म्हणून मीही स्वतःला यादीच म्हणते.

इथे कृत्रिम पाय तयार होतात. जागा म्हणाल तर दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाक, उंच आरसा आणि नवा पाय लावून चालून बघायला दोन समांतर दांडे. मागच्या खोलीत प्लास्टरच्या गोण्या, कानस, करवती आणि भिंतीला टेकून उभे असलेले अर्धवट पाय. दार उघडल्यावर नवख्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. थोड्या वेळाने तोच माणूस त्या पायांकडे चपलांच्या दुकानात बघावं तसं बघायला लागतो.

माझा जन्म एका रंगाऱ्यामुळे झाला. तेव्हा इथले मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, मापं मागच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे. भिंत भरली की दुसरी भिंत. एकदा दादा बाहेर गेले असताना रंगारी आला, आणि त्याने बिचाऱ्याने मन लावून, दोन हात देऊन, चाळीस माणसांची मापं पांढरी करून टाकली. दादा परत आले आणि भिंतीसमोर नुसते उभे राहिले. त्यांची धाकटी बहीण शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "आता लिहिण्याचं काम माझ्यावर सोड." तिने सुट्टीचा सबंध महिना खर्ची घालून मला घडवलं. नाव, वय, कुठला पाय, लांबी, घेर, तारीख, आणि शेवटी शेऱ्यासाठी एक लहानसा रकाना.

ते दिवस माझ्या मानाचे होते. दादा टेप धरून आकडे सांगायचे आणि वहिनी, म्हणजे दादांची बायको, दोन बोटांनी ते टाकायची. 'ब' कुठे गेला म्हणून शोधत बसायची, पण आकडा कधी चुकला नाही. माझ्या पोटात सहाशे माणसं मावली. कोण किती झिजला, कोण किती वाढला, कुणाचा पाय कुठे टोचतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ताई, म्हणजे दादांची ती बहीण, महिन्यातून एकदा यायची, माझी एक नक्कल स्वतःबरोबर न्यायची आणि जाताना पडद्यावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसायची.

मग दादांचे हात थरथरायला लागले. कानस धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं की हे आता वाढतच जाणार. ताई म्हणाली, काम बंद करावं, दादाने खूप केलं. वहिनी म्हणाली, मी करते. वर्षानुवर्षं बाजूला उभी राहून ती सगळं बघत आली होती. तिने प्लास्टरमध्ये हात घातला, चार पाय बिघडवले, पाचवा जमला. त्यावरून नणंद-भावजयीत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण ते मागच्या खोलीत झालं. मला एवढंच कळलं, की त्यानंतर दोन वर्षं ताई इथे आली नाही, आणि माझी नक्कलही कुणी काढली नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येते.

एके दिवशी वहिनी लहान मुलांची मापं बघत होती आणि मी मधेच बंद पडले. काय झालं म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही. घेरी आलेल्या माणसाला पडल्यानंतरचंच आठवतं, तसं. वहिनीने मला पुन्हा उघडलं, मी उघडले, तिने हुश्श केलं. आठवड्याने पुन्हा तेच. मग शाळा उघडायचे दिवस आले. त्या दिवसांत मुलांची रांग लागते, कारण सुट्टीत पोरं वाढतात आणि पाय तोकडे पडतात. मी दिवसातून दोनदा, तीनदा पडायला लागले. एकदा तर वहिनीने सबंध दुपार घालवून टाकलेली मापं माझ्यासकट गेली. तिने कॉम्प्युटरच्या पाठीत एक धपाटा घातला, एप्रन काढला, कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि एक निळी वही घेऊन आली.

ही माझी सवत.

सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? त्या वहीने माझी झोप उडवली. दोनशे पानांची, सुती दोऱ्याने शिवलेली, सामान्यातली सामान्य वही. पण वहिनी तिला एप्रनच्या खिशात ठेवायची, पोटाशी. बोटाला थुंकी लावून तिची पानं उलटायची. मला मात्र प्लास्टरने भरलेले हात लागू नयेत म्हणून ती कोपराने ढकलायची. वहीत ती चित्रं काढायची, पायाचा वाक, कुठे जाड, कुठे पातळ. माझ्यात चित्र काढायची सोयच नाही. आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे, की वहीत ती आकड्यांपलीकडचंही लिहायची. 'आजोबा दुखतं ते सांगत नाहीत, भुवया बघायच्या.' 'या बाईंना जिना आहे, तेवीस पायऱ्या.' बारा वर्षं मी तिच्यासमोर उघडी होते, पण माझ्या शेऱ्याच्या रकान्यात तिने 'ठीक' याखेरीज कधी काही लिहिलं नव्हतं.

एकदा वही राळेच्या डब्यात पडली. चार पानं एकमेकांना चिकटली. वहिनी सुरीच्या टोकाने ती सोडवत बसली होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, फाटू दे, फाटू दे. पान फाटलं नाही. त्याच दुपारी मी दोनदा पडले. देव बघत असतो म्हणतात ते उगीच नाही.

वहिनीने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो भला माणूस होता, पण घाईचा. त्याने माझ्या घराची मेमरी बदलली, पंखा बदलला, मला एकदा काढून पुन्हा बसवलं. तो दाराबाहेर पडेपर्यंत मी धड होते. तो वळला आणि मी पडले. शेवटी त्याने सांगितलं की घरात दोष नाही, प्रोग्रामच म्हातारा झालाय, काढून टाका, बाजारात नवे पुष्कळ आहेत. ज्यांनी हा लिहिला त्यांनाच का नाही विचारत, असंही तो जाता जाता म्हणाला. वहिनीने मान हलवली. पण फोन तिने केला नाही.

फोन करायला लावला तो चिमणीने.

चिमणी नऊ वर्षांची. तिचा डावा पाय गुडघ्याखाली जन्मतःच नाही. दोन वर्षांची असल्यापासून ती इथे येते. तिच्या पायात एक अवघड वळण आहे. ते जुळवायला दरवेळी महिना-महिना जायचा, आणि प्रत्येक वेळी काय केलं ते माझ्याजवळ नोंदलेलं असायचं. या वेळी पंधरा दिवसांनी तिच्या शाळेची सहल होती. तीन दिवस, डोंगरावर, आईवडिलांशिवाय. जुना पाय आखूड पडत होता, कंबर दुखायला लागली होती. वहिनीने तिचं नाव उघडलं आणि मी पडले. पुन्हा उघडलं, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा चिमणीच हळूच म्हणाली, "मावशी, राहू दे. मी पुढच्या वर्षी जाईन."

वहिनीने तिच्याकडे बघितलं, हात धुतले आणि ताईला फोन लावला.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. केस पांढरे झाले होते. दोघींनी एकमेकींची तब्येत विचारली, पाहुण्यांची विचारतात तशी. मग ताई माझ्यासमोर बसली. आधी तिने माझी नक्कल काढून बाजूला ठेवली. मूळ वस्तूला तोवर हात लावायचा नाही, हा तिचा जुना नियम. मग विचारलं, "नेमकं काय करताना बंद पडतं?"

वहिनी म्हणाली, काहीही करताना.

"काहीही म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय का?"

वहिनीने खिशातून निळी वही काढली आणि ती मागच्या बाजूने उघडली. मी बघतच राहिले. शेवटच्या सहा पानांवर मी होते. मी कधी पडले, कुणाचं नाव उघडलं होतं, त्याआधी काय केलं होतं, सगळं तारीखवार. आजारी माणसाच्या उशाशी बसून कुणी ताप लिहून ठेवावा, तसं. माझ्या सवतीने माझं दुखणं सांभाळून ठेवलं होतं. याने मत्सर कमी होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी मत्सर केलेला नाही. माझा दुप्पट झाला.

ताईने पानांवरून बोट फिरवलं. सत्तावीस वेळा मी पडले होते, त्यातल्या सव्वीस वेळा लहान मुलांची मापं उघडलेली होती, नाहीतर सबंध यादी छापायला घेतली होती. मोठ्यांच्या मापांत मी एकदाच पडले होते, आणि तिथे वहिनीने कंसात लिहिलं होतं, 'माझीच चूक, वायर पायात आली.'

"डाळीत खडा आहे," ताई म्हणाली. "डाळ फेकायची नाही, खडा शोधायचा."

तिने माझ्या नकलेतली मुलं निम्मी-निम्मी केली. अठ्ठेचाळीसांतली चोवीस वेगळी काढून उघडली, मी टिकले. उरलेली चोवीस उघडली, पडले. मग त्यांतली बारा, मग सहा, मग तीन. शेवटी एकच नाव उरलं. चिमणी.

तिचं माप टाकताना काही झालं होतं का, असं ताईने विचारलं. वहिनीला आठवेना. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून दादा म्हणाले, त्या दिवशी लाइट गेली होती, चिमणीच्या आईला पायऱ्या दिसेनात म्हणून मी टॉर्च धरली होती. म्हणजे आकडे माझ्या तोंडात असतानाच माझा श्वास तुटला होता. ती अर्धी नोंद माझ्यात अडकून बसली होती आणि तिला हात लागला की मी कोसळत होते.

खडा काढायला लागणार होता. पण त्याच्याबरोबर चिमणीची सात वर्षं जाणार होती. ताईने पिशवीतून जुनी नक्कल काढली. तिच्यात पहिली पाच वर्षं होती. पुढची दोन कुठेच नव्हती, कारण ती दोन वर्षं ताई आली नव्हती. हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं असावं. दादा भिंतीकडे बघत होते.

मग ताई कीबोर्डकडे बघतच म्हणाली, "दादाचा हात थांबला आणि तुमचा चालायला लागला. मला ते बघवेना, वहिनी. काम बंद करा म्हणाले, ते काही त्याच्या काळजीने नव्हतं."

वहिनी म्हणाली, "माहीत होतं मला." आणि थोड्या वेळाने, "मी तरी फोन कुठे केला?"

एवढंच. मला वाटत होतं मत्सर फक्त माझ्यासारख्या खोक्यात कोंडलेल्यांना होतो.

दुपारी चिमणीची आई एक मोठी पिशवी घेऊन आली. चिमणीचा एकही जुना पाय तिने टाकला नव्हता. चिमणीने ते बाकावर ओळीने मांडले आणि ओळख करून दिली, "हा दुसरीतला. हा तिसरीतला. तिसरीतल्याला मी खडूने रंगवलं होतं." वहिनीने आतून-बाहेरून एकेक पाय मोजला, वळण किती ते पट्टी लावून बघितलं. ती आकडे आधी वहीत लिहायची, मग मोठ्याने वाचायची, आणि ताई ते माझ्यात टाकायची. खुर्चीवर एक, स्टुलावर दुसरी, गुडघ्याला गुडघा लागलेला. संध्याकाळी ताईने सबंध यादी छापायला घेतली. मी घाबरले होते. शेवटच्या नावापर्यंत गेले, आणि पडले नाही.

नवा पाय तेराव्या दिवशी झाला.

आता मी बरी आहे. ताई पुन्हा दर महिन्याला येते आणि माझी नक्कल नेते. लाइट गेली तरी मला नीट मिटायला वेळ मिळावा म्हणून टेबलाखाली एक बॅटरी बसवली आहे. तरीही तुम्हाला एक सांगते. ज्याच्याकडून तुम्ही आठवणीची कामं करून घेता, त्याला बोलता बोलता तोडू नका, आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या घरी असू द्या. त्या नकलेसाठी तरी येणं-जाणं राहतं.

वही मात्र गेली नाही. ती अजून खिशातच आहे. मापं आधी तिला कळतात, मला संध्याकाळी, तिच्या तोंडून. सगळं उष्टं. मी सुधारले, असं म्हणणार नाही.

पण सहलीहून परतल्यावर चिमणी इथे आली होती. नवा पाय धुळीने माखला होता. वहिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते, म्हणून ती आतूनच म्हणाली, कसा गेला पाय ते तूच टाक यादीत, शेऱ्यात. चिमणी खुर्चीवर गुडघ्यांवर चढून बसली आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: 'वरपर्यंत गेले. दोनदा पडले. दोनदा उठले.'

वहिनीने ते नंतर वाचलं, दोनदा वाचलं, आणि खिशाकडे हात न नेता कामाला लागली. ही ओळ वहीत नाही.