पक्क्या शिलाईची फीत

मी फीत बोलतेय. केसांची नव्हे, उद्घाटनाचीही नव्हे. उद्घाटनाच्या फितीला चांदीच्या तबकातून आणलेली कात्री लागते, वर टाळ्या मिळतात. मी पुलावरच्या शर्यतीची फीत. मला घामाघूम माणसानं छातीनं तोडायचं असतं. निदान तसं ठरलं तरी होतं.

माझा जन्म पडदे शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात झाला. एका नाट्यगृहाचा लाल पडदा शिवून जो काठ उरला, तो मी. मास्तरांचं काम असं पक्कं, की लोक म्हणत, एक वेळ भिंत पडेल, पण मास्तरांचा पडदा पडायचा नाही. लोक चेष्टेनं म्हणत. मास्तरांना ते कौतुक वाटे.

मास्तरांच्या लेकीला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तशीच बारीक आणि बोलायला तशीच टोचरी. तिला पळायचं वेड. नदीवरच्या पुलावर दरवर्षी शर्यत होते, या काठावरून सुटायची आणि त्या काठावर संपायची. त्यात टाचणी दर वेळी दुसरी येई. पहिल्या यायच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या पळतानासुद्धा हसत असत. दात दाखवणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग म्हणा ना.

टाचणीला एकदा, फक्त एकदा, पहिलं यायचं होतं, आणि तेही बाबांच्या डोळ्यांदेखत. पण मास्तर शर्यत बघायला कधी गेलेच नव्हते.

"पळून काय मिळतं गं? पुलावरून बस जाते की," ते मशीनवरून मान वर न करता म्हणत.

"बस पहिली आली तर तिला कप देतात का, बाबा?"

यावर मास्तर मशीन आणखी जोरात चालवत.

शर्यतीला तोवर कागदी फीत असायची. एका वर्षी नदीवरच्या वाऱ्यानं ती पळणारे यायच्या आधीच फाडून नेली. त्यावरून एवढी वादावादी झाली, की शर्यत घेणारे व्यायामाचे सर मास्तरांकडे आले आणि म्हणाले, "कापडी फीत करून द्या."

"वाऱ्यानं फाटते ती काय फीत?" मास्तर म्हणाले. "मी देतो शिवून. आणि लावताना स्वतः हजर राहीन. पडदा काय, फीत काय, आपलं काम आपल्या डोळ्यांसमोर लागलं पाहिजे."

टाचणी दारात उभी राहून ऐकत होती. तिला आनंदानं काय करावं ते सुचेना, म्हणून ती तशीच पुलावर पळायला गेली.

मास्तरांना तोंडानं माया करता येत नाही, पण मशीनवर येते. त्यांनी मला दुहेरी घडी घातली, आत कॉलरीत घालतात तसलं ताठ बकरम भरलं, चारही कडांना दोन-दोनदा टीप मारली. शेवटी एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि भिंतीला पाय लावून दुसरं टोक ओढून पाहिलं. "टाचणीची नातवंडं पळाली तरी टिकेल!" ते म्हणाले. मास्तरीणबाईंनीही हात लावून वाहवा केली. त्या घरात एकालाही शंका आली नाही. येणार कशी? कापड फाटावं म्हणून शिवतात, हे त्या घरानं जन्मात ऐकलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी माझं एक टोक वखारवाल्याच्या हाती होतं आणि दुसरं त्याच्या साडूच्या. मास्तरांनी दोघांना बजावलं, "काही झालं तरी सोडायची नाही." त्याची गरजच नव्हती. साडूच्या आधी आपला हात सुटणं म्हणजे सासुरवाडीत नाक कापून घेणं, हे दोघेही जाणून होते. शेवटची रेघ फक्कीनं आखली होती. नवे बूट पांढरे होऊ नयेत म्हणून दोघे रेघेच्या दोन पावलं अलीकडे उभे राहिले.

आणि टाचणी आली. पहिली! डॉक्टरीणबाई चांगल्या मागे होत्या. मास्तर टाचांवर उभे राहून बघत होते. टाचणीनं त्यांना पाहिलं, हात वर केले, डोळे मिटले आणि छाती पुढे काढून माझ्यावर झेप घेतली.

मी ताणले गेले, पण तुटले नाही. बकरम ते बकरम. मी तिला आल्या वाटेनं परत पाठवलं. ती धप्पकन रस्त्यावर बसली आणि काय झालं ते तिला कळेना. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. रोज लोकांच्या जबड्यांत वाकून बघायची सवय. त्या सहज वाकून माझ्याखालून गेल्या आणि फक्की ओलांडून मोकळ्या झाल्या.

सरांनी शिट्टी फुंकली. "रेघ ओलांडेल तो पहिला. नियम म्हणजे नियम."

"अहो, मला वाटलं यंदा वाकूनच जायचंय," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या.

"पण आम्ही सोडली नाही हं, मास्तर!" वखारवाला अभिमानानं ओरडला.

घरी परतताना मी मास्तरांच्या काखेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पूल ओलांडताना टाचणी म्हणाली, "शिलाई मात्र एक नंबर, बाबा. माझा दम गेला, पण तुमचा एक टाका गेला नाही."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला खणात तळाशी टाकलं.

पुढच्या शर्यतीच्या आधी खण उघडला. मास्तरांनी मला टेबलावर पसरलं आणि बरोबर मधोमध कात्री चालवली. मग त्यांनी माझे दोन तुकडे एका साध्या धाग्यानं जोडायला घेतले. पण हाताची खोड जाईना. दोन टाके पुढे गेले, की सुई आपोआप मागे वळून गाठ पक्की करी. ते शिव्या देत उसवत आणि पुन्हा घालत.

शेवटी मला दाराच्या चौकटीत कडीला बांधलं.

"अगं, छाती पुढे काढून जोरात ये बघू," ते मास्तरीणबाईंना म्हणाले.

"या वयात? शेजारी काय म्हणतील?"

"ये गं!"

त्या आल्या. मी तशीच राहिले, दाराची कडी मात्र उपटून निघाली. पुन्हा उसवणं, पुन्हा घालणं. दुसऱ्या खेपेला त्या धुण्याची बादली घेऊन नुसत्या आत आल्या आणि मी अलगद सुटले. मास्तर डोकं धरून बसले. "असलं कच्चं काम जन्मात केलं नव्हतं."

"आता केलंत ना? मग चहा घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शर्यतीच्या दिवशी नेमका वारा सुटला. माझा जीव एका धाग्यावर! मास्तर कोटाचे दोन्ही पदर पसरून, पिल्लं झाकणाऱ्या कोंबडीसारखे वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. साडूंना दम भरला, "उचकी आली तरी हात हलवायचा नाही." सरांनीही या वेळी दोघांना बुटांसकट फक्कीत उभं केलं.

टाचणी आणि डॉक्टरीणबाई पुलाच्या टोकाला खांद्याला खांदा लावून आल्या. आणि जो माणूस मशीनच्या वर कधी आवाज काढत नाही, तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "पळ पोरी, पळ! या वेळी सुटेल ती! पळ!"

टाचणीनं डोळे उघडे ठेवले आणि मला घेऊन रेघेपार गेली. धागा तुटला, पण मला जराही दुखलं नाही. डॉक्टरीणबाई मागोमाग आल्या, हसतच.

आता माझे दोन्ही तुकडे दुकानात लटकतात, मास्तरांच्या मशीनवर, गिऱ्हाइकाच्या पहिल्या नजरेत भरतील असे. पक्क्या कामाच्या दुकानात ही फाटकी चिंधी कशाला, असं लोकांच्या मनात येतं, पण भिडेपोटी कोणी बोलत नाही. म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, तेवढं समजून घ्या. कधी पडदे शिवायला आलात, तर माप मागाहून द्या. आधी मास्तरांना विचारा, की ही फाडली कोणी?

ते कधीपासून वाट बघतायत, कोणीतरी विचारावं म्हणून.