सिलिंडर कसा पुरला

दिवाळी झाली आणि दिव्यानीने घराचा कारभार हातात घेतला. शाळेत मॅडमनी घरखर्चाचा प्रकल्प दिला होता. बाकीच्या पोरींनी वहीत रकाने आखले. हिने थेट स्वयंपाकघराचा ताबा घेतला! चहापत्ती सुटी आणायची, तेल पळीने नाही तर चमच्याने घालायचं, साबणाची वडी कापून अर्धीच बाहेर ठेवायची. बाबांनी तिचं नावच अर्थमंत्री ठेवलं.

सगळ्यात कडक हुकूम होता गॅसचा. डाळ आधी भिजवायची, भांड्यावर झाकण ठेवायचं, भाताला उकळी आली की ज्योत बारीक.

"या वेळी सिलिंडर दुप्पट दिवस पुरला पाहिजे," तिने बजावलं.

"आन् नाई पुरला तं?" आईने, म्हणजे भागीरथाने, विचारलं.

"पुरवायचा! वाचलेल्या पैशांतूनच माझे बूट यायचे आहेत."

चिमूरच्या शर्यतीत ती अनवाणी धावून दुसरी आली होती. पहिली आलेल्या पोरीच्या पायांत निळे बूट होते. ते निळे बूट दिव्यानीच्या डोक्यातून जायला तयार नव्हते.

आणि काय सांगावं, सिलिंडर पुरला की! शेजारच्या चंचलकाकूने दुसरा आणला, तरी यांचा पहिलाच चालू. दिव्यानी येता-जाता तो हलवून बघायची आणि खूश व्हायची. शाळेत परिपाठाला तिने यावर भाषण ठोकलं. काय टाळ्या पडल्या! डाळीला हल्ली धुराचा छान वास यायचा. भिजवल्यामुळेच चव आली, असं तिने ठरवून टाकलं. आईच्या हातांवर ओरखडे दिसले, तेव्हा आई म्हणाली, "धानाच्या तणसीनं खरचटलं." परसातली चूल तर आंघोळीच्या पाण्यासाठी रोजच पेटायची, तुराट्यांवर. तिच्याकडे कोण बघतं?

गावात गॅस आला त्याचं कारणच वाघ होता. जंगलात सरपणाच्या काड्या आणायला गेलेली बुधरीमावशी परत आली नव्हती. तेव्हापासून पहाटे जंगलात कुणी बाईने जायचं नाही, हे साऱ्या गावाने ठरवलेलं.

रविवारी सकाळी वनरक्षक धनराजभाऊ दारात उभा राहिला.

"गुणवंतभाऊ, भागीरथाबाईले बोलवा जरा."

"काऊन जी? आमच्या बाईले बक्षीस लागलं का?" बाबा हसले.

धनराजभाऊ हसला नाही. त्याने मोबाइल काढला. "नाल्याकडच्या पायवाटेवर झाडाले कॅमेरा बांधला हाय आम्ही. त्यातले दोन फोटो पाहा."

पहिल्या फोटोत धुकं होतं आणि धुक्यात आई. डोक्यावर काड्यांचा भारा, अंगावर दिव्यानीचाच जुना स्वेटर. एक लांब काडी भाऱ्यातून निसटून वाटेवर पडली होती.

दुसऱ्या फोटोत तेच झाड, तीच वाट, तीच काडी. तिच्यावर नाक टेकवून वाघ उभा होता.

आधी दिव्यानीला तो फार मोठा वाटलाच नाही. मग तिचं लक्ष काडीकडे गेलं. काडी चांगली पुरुषभर लांब होती, आणि वाघ शेपटी सोडूनसुद्धा तिला पुरून उरत होता.

"मधात किती वेळ गेला?" बाबांनी विचारलं.

"चहा उकळाले लागते तेवढाही नाई."

आई बाहेर आली होती; ती पदराने उगीचच उंबरठा पुसत बसली.

"आई! काऊन गेली तू?" दिव्यानी किंचाळलीच.

"तू शाळेत सांगून आली होती ना. चंचल म्हणत होती, लय टाळ्या पडल्या म्हणून. सिलिंडर संपला असता तं तुही फजिती झाली असती."

"मी झाकण ठेवायला सांगितलं होतं! जंगलात जायला नाही!"

"झाकणानं काय होते वो बाई! दोन टाइमचा भात, भाजी, ढोराइचं आंबोण. तू शाळेत गेली का मी चुलीवरच रांधत होतो. गॅस फक्त तुह्या चहाले."

फक्त तिच्या चहाला! दिव्यानीला आपलं भाषण आठवलं. हात वर करून, मान ताठ करून, काय काय बोलली होती ती! त्या वेळी आई कुठे होती? नाल्याकडे? टाळ्या पडत होत्या तेव्हा?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कुणी उठवावं लागलं नाही. आई उठायच्या आत तिने दोन्ही शेगड्या पेटवल्या. एकीवर दूध, दुसरीवर आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं. ज्योती जेवढ्या मोठ्या होतील तेवढ्या केल्या.

"अर्थमंत्री, गॅस उडून राह्यला," बाबा अंथरुणातून हळूच म्हणाले.

"उडू द्या."

आई डोळे चोळत आली आणि सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. दिव्यानीने तो मनगटाशी धरला. ओरखडे खरखरीत लागले. तिने धरला तो धरलाच.

"सोड ना वो, दूध उतू जाईल."

"जाऊ दे," दिव्यानी म्हणाली. आणि दूध खरंच उतू गेलं.